हरकती व सूचना

नकाशात पिवळी वस्ती,
हिरवी बागायत, निळं खाजन,
तांबडी तुटक रेघ म्हणजे होऊ घातलेला रस्ता.
कार्बनला रंग नाही.
साहेबांना विचारलं तर म्हणाले,
त्याला परिशिष्ट आहे ना.

परिशिष्ट मीच टाइप केलं होतं.
कलम सात, पोटकलम दोन:
चिरा पंचवीस किलोमीटरच्या आतला,
गिलावा शिंपल्यांच्या चुन्याचा,
पश्चिमेला खोल ओसरी,
छपराचं पाणी विहिरीत,
आणि यंत्राशिवाय वारस आरपार खेळता असेल
तर चटईक्षेत्र दहा टक्के वाढीव,
परवाना तीस दिवसांत.

वारा लिहायचं होतं. बोट घसरलं.
चार सह्या झाल्या त्या पानावर,
कुणालाच वारस खुपला नाही.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी
रायबंदरहून फेरीबोटीनं दिवाडीला गेलो,
मी, सर्वेअर आणि सुरळी केलेला प्रदेश.
पंचायतीच्या हॉलमध्ये पंखे पाच, वीज नव्हती.
नकाशा पुन्हापुन्हा गुंडाळला जायचा
म्हणून चार कोपऱ्यांवर कुणीतरी
चार सोललेले नारळ ठेवले.

एर्मेलिंदा कुलासो उठली.
कपाळावरचा चष्मा खाली घेऊन
तिनं कलम मोठ्यानं वाचलं, आणि थांबली.
"वारस आरपार. बरोबर लिहिलंय हे.
माझे दोन्ही आरपार गेले,
एक स्विंडनला, एक कुवेतला.
पण यंत्राशिवाय नव्हे हां, विमानानं."

हॉल हसला. मी मान खाली घालून
दुरुस्ती लिहीत होते, तेवढ्यात तिनं विचारलं,
"जे घर अजून बांधायचंय त्याला दहा टक्के.
जे उभंच आहे, चिऱ्याचं, चुन्याचं,
जे बिल्डरला दिलं नाही
म्हणून जावेशी बोलणं तुटलं,
त्याला किती?"

सर्वेअरनं माझ्याकडे बघितलं,
मी परिशिष्टाकडे.

मागून फोंडू बोलला, चिरे काढणारा,
हात वर न करता:
"पंचवीस किलोमीटरच्या आत म्हणजे माझ्याच खाणीत.
लिहा. पण डोंगर किती आत गेला तेही लिहा.
जिथून काढला तिथं आता पाणी साचलंय,
हिरवंगार. गुरू उतरलं तर चढत नाही.
तो हिरवा तुमच्या नकाशात कुठे बसतो?"

मी लिहून घेतलं.
हरकत एकशे बारा. हरकत एकशे तेरा.

परतताना बांधावरून आलो.
ओहोटी होती, मानस उघडी होती.
इथं मानस म्हणजे मन नव्हे,
बांधातलं लाकडी दार:
भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं.
वीज नाही, परवाना नाही,
किती शेतं राखली याचं कोष्टक नाही.
लक्ष ठेवणारा एक माणूस लागतो फक्त,
आणि तो आता क्रूझवर आचारी आहे,
सर्वेअर म्हणाला.

सोमवारी शुद्धिपत्रक घेतलं टायपिंगला:
"वारस" ऐवजी "वारा" वाचावे.
त्याखाली, माझ्या अधिकारात नसलेली
आणखी एक ओळ:
उभे घर न पाडणे हेही बांधकाम समजावे.

साहेबांनी दोनदा वाचलं.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
"ही हरकत आहे की सूचना?"
माहीत नाही सर, मी म्हटलं.

एसी घरघरत होता.
नकाशावर वजन म्हणून ठेवलेल्या,
फोंडूनं दिलेल्या चिऱ्याच्या तुकड्यातून
चिमूटभर तांबडी माती सांडली होती,
बरोबर पिवळ्यावर.
त्यांनी फुंकर मारली.
थोडी राहिली.